संशोधन खरे असेल, पण ते कोणावर झाले?

सप्रेम नमस्कार, ताई.

आपले सविस्तर पत्र आणि सोबतची कात्रणे मिळाली. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून पत्रातला मजकूर थोडक्यात सांगतो. आपले वय ५८ आणि यजमानांचे ६६. चार वर्षांपूर्वी यजमानांची अँजिओप्लास्टी होऊन हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला आणि तेव्हापासून ते रोज अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी घेत होते. मात्र ‘ज्येष्ठांना रोजच्या अ‍ॅस्पिरिनचा फायदा नाही, उलट रक्तस्रावाचा धोका’ ही बातमी वाचून त्यांनी गेल्या आठवड्यात ती आपल्या मनानेच बंद केली. आपल्याला मधुमेह आहे, शुगरच्या दोन गोळ्या सुरू आहेत, आणि सोळा तास उपवास करण्याचे फायदे वाचून आपण तीन महिन्यांपासून सकाळची न्याहारी सोडून दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात जेवता. त्यातच ‘आठ तासांत जेवण उरकणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचा धोका ९१ टक्के जास्त’ हे कात्रण हाती आल्याने आपली झोप उडाली आहे. घरातल्या अकरा वर्षांच्या लॅब्रॅडॉरलाही एका संशोधनाच्या बातमीवरून आपण दोनऐवजी एकदाच खायला घालू लागला आहात. शेवटी आपण विचारले आहे की शास्त्रज्ञच दर महिन्याला मत बदलत असतील, तर सामान्य माणसाने विश्वास ठेवायचा कोणावर.

या प्रश्नाकडे वळण्याआधी एक काम करा. पुढचे वाचणे थांबवून यजमानांच्या हृदयरोगतज्ज्ञांना आजच फोन लावा, गोळी नेमकी कोणत्या दिवसापासून बंद आहे ते सांगा आणि ती पुन्हा कशी सुरू करायची ते विचारून घ्या. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-तीन गोळ्या एकदम घेऊ नयेत. दरम्यान त्यांच्या छातीत दुखले, दडपण आले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, धाप लागली किंवा एकाएकी घाम फुटला, तर फोनाफोनीत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

आता हे इतक्या तातडीने का लिहिले ते सांगतो. यजमानांनी वाचलेली बातमी खोटी नव्हती. ती ‘अ‍ॅस्प्री’ नावाच्या मोठ्या चाचणीची आहे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ ज्येष्ठांवर ती झाली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या लोकांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली, आणि सुमारे पावणेपाच वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. अपंगत्व किंवा स्मृतिभ्रंश न येता जगण्याची वर्षे अ‍ॅस्पिरिनने वाढली नाहीत. गंभीर रक्तस्राव मात्र हजारात २८ वरून ३८ जणांपर्यंत वाढला. बातमीत एवढे सगळे बरोबर छापले होते. त्यात एक वाक्य नव्हते, निदान आपण पाठवलेल्या कात्रणात तरी ते नाही: ज्यांना पूर्वी हृदयविकार झालेला होता, अशांना या चाचणीत घेतलेच नव्हते. यजमान त्या चाचणीत नाव नोंदवायला गेले असते, तर स्टेंटची नोंद पाहताच त्यांना दारातूनच परत पाठवले असते. ज्या संशोधनात त्यांना प्रवेशच नव्हता, त्याच्या निष्कर्षावरून त्यांनी स्वतःचे औषध थांबवले.

निरोगी माणसाने अ‍ॅस्पिरिन घेणे आणि हृदयविकार होऊन गेलेल्या माणसाने घेणे यांत किती अंतर आहे, ते २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणातून चांगले दिसते. त्यात हृदयविकाराचा पूर्वेतिहास नसलेल्या सुमारे ९५,००० आणि तो असलेल्या सुमारे १७,००० लोकांच्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र तपासली होती. पहिल्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना वर्षाला दर दहा हजारांत ५७ होत्या, त्या अ‍ॅस्पिरिनने ५१ झाल्या. म्हणजे दहा हजार लोकांनी वर्षभर रोज गोळी घेतली तेव्हा सहा जण वाचले. एवढा फायदा रक्तस्रावाच्या धोक्यात सहज वाहून जातो. दुसऱ्या गटात हेच प्रमाण दहा हजारांत ८२० वरून ६७० वर आले, म्हणजे वाचलेले १५०. गोळी तीच, रक्तस्राव घडवण्याचा तिचा गुणधर्मही तोच, पण फायदा कितीतरी मोठा, कारण या लोकांना मुळात असलेला धोकाच मोठा आहे. यजमान या दुसऱ्या गटातले आहेत.

स्टेंटच्या बाबतीत कारण आणखी स्पष्ट आहे. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी, आणि रक्तातल्या प्लेटलेट परक्या किंवा खरखरीत पृष्ठभागाला चिकटून गुठळी करतात. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधल्या एका विकराला (एन्झाइमला) कायमचे निकामी करते. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसल्यामुळे तिला ते विकर पुन्हा तयार करता येत नाही, म्हणून ती आठ-दहा दिवसांच्या तिच्या उरलेल्या आयुष्यात गुठळी करण्याच्या कामी फारशी येत नाही. लहानशी गोळी दिवसातून एकदाच पुरते ती यामुळेच. पण गोळी बंद केली की रोज तयार होणाऱ्या नव्या प्लेटलेट पूर्ण क्षमतेच्या असतात आणि आठवडाभरात त्यांचीच संख्या जास्त होते. आठवडा उलटून गेला आहे, म्हणून आधी फोन करा असे म्हटले.

यजमानांना पोटाचा त्रास असेल, काळी शौच झाली असेल, पूर्वी कधी अल्सर झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. रक्तस्रावाची त्यांना वाटणारी भीती निराधार नाही. तिच्यावर पोटाचे रक्षण करणारी गोळी सोबत देणे, औषध बदलणे असे मार्ग डॉक्टरांकडे असतात. ते ठरवण्यासाठी त्यांना हा पूर्वेतिहास लागतो.

आता शास्त्रज्ञ मत बदलतात या आपल्या तक्रारीविषयी. अ‍ॅस्पिरिनच्या बाबतीत ती पटण्यासारखी आहे, कारण १९८९ मध्ये याच औषधाचा अगदी उलट डंका वाजला होता. अमेरिकेतल्या २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर झालेल्या चाचणीत दिवसाआड अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके ४४ टक्क्यांनी कमी आढळले. त्या ४४ टक्क्यांमागचे आकडे असे होते: औषध न घेणाऱ्या डॉक्टरांत वर्षाला हजारी साधारण ४.४ झटके, घेणाऱ्यांत २.५. फरक खरा होता, पण हजार माणसांमागे तो वर्षाला दोनहून कमी माणसांचा होता. पुढच्या तीस वर्षांत धूम्रपान घटले, रक्तदाबावर आणि कोलेस्टेरॉलवर प्रभावी औषधे सर्रास दिली जाऊ लागली आणि निरोगी माणसाचा मूळ धोकाच खाली आला. शिवाय नव्या चाचणीत सत्तरीच्या पुढची माणसे होती, ज्यांना रक्तस्राव लवकर होतो. माणसे बदलली, काळ बदलला आणि उत्तर बदलले. यात मला शास्त्राची धरसोड वृत्ती दिसत नाही. जुन्या निष्कर्षाला ‘सर्वांसाठी’ हे बिरूद ज्यांनी लावले, त्यांच्याकडे बोट दाखवायला मात्र माझी हरकत नाही, आणि त्यांत माझ्या व्यवसायातली मंडळीही आली.

म्हणून कोणतेही कात्रण हाती घेतले की ‘हे खरे आहे का’ याच्या आधी ‘हे कोणावर झाले’ हा प्रश्न विचारावा असे मी सुचवतो. आपल्या उपवासाला तो लावून पाहू.

मात्र त्याआधी आपल्या पत्रातले एक वाक्य मला खटकले आहे. ‘सकाळी अकराच्या सुमारास हात थरथरतात, अंगाला दरदरून घाम येतो, पण चरबी जळत असल्याची ती खूण असावी म्हणून मी सहन करते,’ असे आपण लिहिले आहे. ताई, ती चरबी जळण्याची खूण नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने न्याहारी टाळली की रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि तिची पहिली लक्षणे नेमकी हीच असतात. आपल्या गोळ्यांची नावे पत्रात नाहीत, त्यामुळे हा प्रकार तोच आहे असे मी ठामपणे म्हणणार नाही. पण डॉक्टर भेटेपर्यंत गोळी घेऊन उपाशी राहणे बंद करा. पुन्हा तसे झाले तर ग्लुकोमीटरवर साखर मोजा. ती ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि बरे वाटल्यावर काहीतरी खा. मोजण्याचे यंत्र हाताशी नसेल, तर मोजण्यासाठी थांबू नका, साखर आधी घ्या. हे सर्व वेळ आणि आकडे घालून एका कागदावर लिहून ठेवा. डॉक्टरांना गोळीची मात्रा ठरवायला त्याचा उपयोग होईल.

ठरावीक तासांतच जेवण्याची कल्पना गाजली ती मुख्यतः उंदरांमुळे. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवले की भरपूर चरबीचे खाद्य दिवसभर खाणारे उंदीर लठ्ठ आणि आजारी होतात, पण तेच खाद्य, तितकेच उष्मांक, फक्त आठ तासांत खाणारे उंदीर बरेच सडपातळ राहतात. प्रयोग देखणा होता आणि तो चोख केला होता. पण उंदराचे हृदय मिनिटाला पाचशेहून अधिक ठोके देते, तो जेमतेम दोन-तीन वर्षे जगतो, रात्री जागतो आणि रात्रीच खातो. एका दिवसाच्या उपवासात त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक सहज घटतो. त्याचे सोळा तास आणि आपले सोळा तास हा एकच काळ नाही.

माणसांवर चाचण्या झाल्या तेव्हा उत्साह बराच ओसरला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ११६ जणांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीची वेळ नेमकी आपल्यासारखी होती, दुपारी बारा ते रात्री आठ. बारा आठवड्यांनी त्या गटाचे वजन सरासरी ०.९४ किलो उतरले आणि दिवसातून तीन वेळा जेवणाऱ्या गटाचे ०.६८ किलो, हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान आहे. ज्यांची अधिक बारकाईने तपासणी झाली त्यांच्यात हातापायांच्या स्नायूंचे वजनही कमी झालेले आढळले, आणि आपल्या वयात स्नायू गमावणे परवडणारे नसते. चीनमधल्या ग्वांगझौ शहरात १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर झालेली चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे दोन्ही गटांचे उष्मांक कमी केले होते आणि एका गटाला सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात जेवायचे बंधन होते. त्या गटाचे वजन आठ किलोंनी घटले, दुसऱ्याचे ६.३ किलोंनी, आणि हा फरकही सांख्यिकीच्या कसोटीवर टिकला नाही. इतके किलो उतरले ते मुख्यतः कमी खाल्ल्यामुळे. त्यातही या लोकांनी सोडले होते ते रात्रीचे जेवण, सकाळचे नव्हे.

तेव्हा हा उपवास फायद्याचा नाही, तर निदान घातक तरी आहे का? ९१ टक्क्यांची बातमी मार्च २०२४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या एका परिषदेतून आली. तिथे जे सादर झाले तो संशोधनाचा गोषवारा होता. इतर तज्ज्ञांनी तपासून नियतकालिकात छापलेला शोधनिबंध तेव्हा अस्तित्वात नव्हता. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या वीस हजारांहून अधिक प्रौढांना दोन वेगवेगळ्या दिवशी ‘आदल्या चोवीस तासांत काय आणि केव्हा खाल्ले’ हे विचारले होते, आणि त्या दोन दिवसांच्या उत्तरांवरून त्यांची गटवारी करून पुढे कोण कशाने वारले हे पाहिले होते. आता जरा कल्पना करा की ज्या माणसाने त्या दोन दिवशी आठ तासांच्या आतच खाल्ले, तो कोण असेल? कोणी हौसेने उपवास करणारा असेल, पण कोणी भूक मेलेला आजारी माणूस असेल, कोणी दोन पाळ्यांत राबणारा असेल, कोणी एकटेपणामुळे चूल न पेटवणारा असेल. अशा माणसांचा हृदयविकार त्यांच्या घड्याळाने आणला की त्यांच्या परिस्थितीने, हे अशा पाहणीतून सुटे करून दाखवता येत नाही. संशोधकांनी वय, धूम्रपान वगैरे गोष्टींसाठी गणिती दुरुस्ती केलेली असते, पण जे विचारलेच नाही त्याची दुरुस्ती कशी करणार? मला स्वतःला ही बातमी ठळक मथळ्याच्या लायकीची वाटली नाही, आणि तिच्यासाठी झोप गमावण्याचे आपल्याला काहीही कारण नाही. आपण उपवास सोडायचा तो शुगरच्या गोळ्यांमुळे. या ९१ टक्क्यांमुळे नव्हे.

प्राण्यांवरच्या संशोधनाला काहीच अर्थ नाही, असे यावरून कोणी समजू नये. नवे औषध माणसाला देण्यापूर्वी ते किती विषारी आहे हे प्राण्यांवरच कळते, आणि आजाराची यंत्रणा उलगडण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. प्रश्न उरतो तो प्राण्यावरून माणसावर मारलेल्या उडीचा. सॅकरिन या गोड पदार्थाने नर उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग होतो असे दिसल्यावर १९७७ मध्ये अमेरिकेत त्यावर बंदीचा प्रस्ताव आला आणि पुढे कितीतरी वर्षे पाकिटांवर इशारा छापला जात होता. नंतर कळले की उंदराच्या मूत्राची रासायनिक घडण वेगळी असल्याने सॅकरिनच्या प्रचंड मात्रेमुळे त्यात बारीक खडे तयार होतात आणि ते मूत्राशयाचे अस्तर खरवडतात. माणसाच्या मूत्रात तसे घडत नाही. २००० मध्ये सॅकरिनचे नाव अमेरिकेच्या अधिकृत कर्करोगकारक यादीतून वगळले.

याहून बोलके उदाहरण माकडांचे आहे, आणि ते आपल्या प्रश्नाच्या फार जवळचे आहे. कमी खाल्ल्याने आयुष्य वाढते का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऱ्हीसस माकडांवर दोन स्वतंत्र प्रयोग सुरू झाले, एक विस्कॉन्सिन विद्यापीठात आणि दुसरा राष्ट्रीय वार्धक्य संस्थेत. वीस वर्षांनी, २००९ मध्ये, विस्कॉन्सिनने जाहीर केले की कमी खाणारी माकडे म्हातारपणाच्या आजारांनी कमी मरतात. २०१२ मध्ये दुसऱ्या संस्थेने जाहीर केले की आयुष्यात फरक नाही. वर्तमानपत्रांना ‘शास्त्रज्ञांचे पुन्हा घूमजाव’ असे लिहायला याहून चांगली संधी कोणती? पण पुढे दोन्ही गट एकत्र बसले, आपापल्या नोंदी त्यांनी एकमेकांसमोर ठेवल्या आणि २०१७ मध्ये संयुक्त विश्लेषण प्रसिद्ध केले. विस्कॉन्सिनच्या खाद्यात सुमारे २८.५ टक्के साखर होती, दुसरीकडे ती ३.९ टक्के होती. विस्कॉन्सिनच्या तुलनेच्या गटातली माकडे हवे तितके खाऊन लठ्ठ झाली होती. दुसऱ्या संस्थेत तुलनेच्या माकडांनाही मोजूनमापूनच खायला मिळे. गोडधोड खाऊन जाड झालेल्यांपुढे कमी खाणारे उजवे ठरले, आणि मुळातच बेताने खाणाऱ्यांपुढे आणखी कमी खाण्याचा विशेष लाभ दिसला नाही. ‘कोणावर’ या प्रश्नाला म्हणूनच ‘कोणाशी तुलना करून’ हा दुसरा प्रश्न जोडावा लागतो. बातमीत बहुधा हाच तपशील गाळलेला असतो, कारण तो मथळ्यात मावत नाही.

आपण पाठवलेल्या कात्रणांत ड जीवनसत्त्वाचेही एक आहे, त्याबद्दल थोडक्यात. २५,८७१ जणांवर झालेल्या ‘व्हायटल’ या चाचणीत रोजच्या ड जीवनसत्त्वाने कर्करोग किंवा हृदयविकाराचे प्रमाण घटले नाही. पण ते लोक ड जीवनसत्त्वाची कमतरता आहे म्हणून निवडलेले नव्हते. आपल्याला ते रक्ततपासणीत कमी आढळल्यामुळे डॉक्टरांनी दिले आहे, तेव्हा ते त्यांनी सांगितले तोवर घ्यावे.

आता आपला लॅब्रॅडॉर. आपण वाचलेले संशोधन ‘डॉग एजिंग प्रोजेक्ट’ या अमेरिकी प्रकल्पाचे, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले. हजारो मालकांनी आपल्या कुत्र्यांविषयी भरून दिलेल्या प्रश्नावल्यांवरून त्यात असे दिसले की दिवसातून एकदाच खाणाऱ्या कुत्र्यांत पचनाचे, दातांचे, सांध्यांचे, मूत्रपिंडाचे आणि यकृताचे विकार कमी नोंदले गेले आहेत. पण ही एकाच वेळी केलेली पाहणी आहे. तीत आधी काय घडले आणि नंतर काय, हे कळत नाही, आणि संशोधकांनी ही मर्यादा स्वतःच नोंदवली आहे. याचे उत्तम उदाहरण आपल्याच घरात आहे. आपल्या कुत्र्याला सांधेदुखीची गोळी सकाळ-संध्याकाळ खाण्यासोबत द्यायला पशुवैद्यांनी सांगितले होते, असे आपण लिहिता. म्हणजे तो दोनदा खात होता तो सांधे दुखत होते म्हणून. त्या पाहणीत त्याची नोंद ‘दोनदा खाणारा, सांध्यांचा विकार असलेला’ अशी झाली असती, आणि वाचणाऱ्याला वाटले असते की दोनदा खाल्ल्याने सांधे बिघडले. आजारी कुत्र्याला विभागून खायला घालणारे मालक जितके अधिक, तितका हा उलटा आभास पक्का होत जातो.

सध्या तो संध्याकाळी एकदाच खातो आणि सकाळची गोळी रिकाम्या पोटी घेतो. कुत्र्यांना सांधेदुखीसाठी दिल्या जाणाऱ्या अनेक वेदनाशामक गोळ्या पोटाच्या अस्तराला त्रास देतात, त्यामुळे हे आजपासून बदला. मोठ्या अंगाच्या, खोल छातीच्या कुत्र्यांनी दिवसभराचे सगळे खाणे एकाच वेळी घाईने खाल्ले, तर पोट फुगून पीळ पडण्याचा धोकाही वाढतो, आणि तो प्रकार काही तासांत जिवावर बेततो. त्याची ओकारी, काळी शौच किंवा खाण्यावरची वासना उडणे यांपैकी काही या दिवसांत दिसले असेल तर पशुवैद्यांना कळवा.

लॅब्रॅडॉरबद्दल विसंबता येईल असे संशोधन हवे असेल, तर ते वेगळेच आहे. प्राण्यांचे खाद्य बनवणाऱ्या प्युरिना कंपनीने ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या चोवीस जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एका पिल्लाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य आयुष्यभर दिले आणि निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध केले. कमी खाणाऱ्या कुत्र्यांचे मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मी कुत्री ज्या वयापर्यंत जगली ते) १३ वर्षे भरले, भावंडांचे ११.२ वर्षे, आणि कमी खाणाऱ्यांचे सांधेही उशिरा आणि कमी बिघडले. ज्या कंपनीचा धंदा खाद्य विकण्याचा, तिच्या प्रयोगातून ‘खाद्य कमी द्या’ हे निघावे, याची मला गंमत वाटते आणि त्यामुळे त्या निष्कर्षावरचा माझा विश्वास थोडा वाढतो. इथे गट कोणी मुद्दाम पाडले ते ठाऊक आहे, फरक फक्त खाद्याच्या प्रमाणाचा आहे, आणि जात आपल्या कुत्र्याचीच आहे. अर्थात ती पिल्ले होती आणि आपला कुत्रा अकरा वर्षांचा आहे, तेव्हा आयुष्याची वर्षे वाढण्याची अपेक्षा त्यातून धरू नये. पण वजन जास्त असलेल्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्याचे वजन हळूहळू उतरवले की त्याचे लंगडणे कमी होते, हे म्हाताऱ्या कुत्र्यांतही दिसलेले आहे.

म्हणून खाण्याच्या वेळा पुन्हा दोन करा, आणि लक्ष एकूण प्रमाणाकडे द्या. तो उभा असताना दोन्ही तळहात त्याच्या बरगड्यांवरून सपाट फिरवा. दाब न देता बरगड्या एकेक करून बोटांना लागायला हव्यात, आणि वरून पाहिल्यावर बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसायला हवी. बरगड्या शोधाव्या लागत असतील तर पशुवैद्यांकडे त्याचे वजन करून दिवसाचे खाद्य किती ग्रॅम द्यायचे ते ठरवून घ्या, ते अंदाजपंचे न घालता तराजूवर मोजा, येताजाता दिले जाणारे तुकडेही त्यातच धरा, आणि दर पंधरा दिवसांनी वजन लिहून ठेवा. खाद्य कमी केलेले नसताना वजन आपोआप उतरू लागले तर मात्र ते चांगले लक्षण समजू नका. या वयात त्यासाठी रक्ताची तपासणी करून घ्यावी लागते.